कंपनीत न रमणारी माणसं

‘मोठ्या कंपनीत टिकण्यासारखा तुझा स्वभाव नाही,’ हे दोघांना हमखास ऐकावं लागतं. जो मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही त्याला, आणि जो गप्प बसत नाही त्याला.

गैरसमज : अबोल माणूस मागेच राहतो.

विक्रीत आणि साहेबकीत बोलकेपणाचा फायदा होतो, हे खरं. पण बॅरिक आणि माउंट या अमेरिकी संशोधकांनी 1991 मध्ये शंभरावर अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी पडणारा गुण निघाला तो चोखपणा. हातात घेतलेलं नीट पुरं करणं. क्योटोच्या शिमाद्झू कंपनीतले कोईची तनाका बढतीच्या परीक्षाच टाळत आले, कारण वर चढलं की प्रयोगशाळा सुटते. 2002 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांच्याकडे ना डॉक्टरेट होती ना मोठी खुर्ची.

गैरसमज : कलंदर माणसाला ऑफिस झेपत नाही.

लेखक काफ्का प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत 1908 पासून 1922 पर्यंत होता. ऑफिसच्या नावाने डायरीत खडे फोडायचा आणि कारखान्यांतले अपघात कसे टाळावेत याचे अहवाल उत्तम लिहायचा. बढत्याही मिळत गेल्या. नोकरीची नावड वेगळी, नोकरीला नालायक असणं वेगळं.

मग खरंच कोणाला जड जातं? माझ्या मते, ज्याला काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करायचं असतं त्याला. मोठ्या कंपनीत कामाचे तुकडे पडतात. मागणी एकाने लिहायची, मंजुरी दुसऱ्याने द्यायची, खरेदी तिसऱ्याने करायची, आणि यंत्र बसलं तेव्हा फोटोत चौथाच. ‘हे कशासाठी?’ याचं उत्तर मिळाल्याशिवाय ज्याचा हात चालत नाही, त्याचीही इथे घुसमट होते, कारण ते उत्तर त्याच्या साहेबालाही ठाऊक नसतं. हा दोष नाही. हाच माणूस देखभाल खात्यात किंवा नव्याने उघडलेल्या शाखेत सोन्यासारखा ठरू शकतो, कारण तिथे बिघडलेलं यंत्र संध्याकाळी सुरू झालेलं डोळ्यांनी दिसतं.

गैरसमज : व्यक्तिमत्त्व चाचणीत सगळं कळतं.

चार इंग्रजी अक्षरांत माणूस बसवणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी एका मायलेकींनी रचली. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांची अक्षरं बदलतात. नोकरभरतीसाठी ती वापरू नका, असं खुद्द चाचणी विकणारेच सांगतात. आपल्याकडे तरीही कुणी मुलाखतीआधी ती घेतो, तर कुणी ती अक्षरं नावापुढे पदवीसारखी लावतो.

गैरसमज : नोकरी जमत नाही, म्हणजे धंदा जमेल.

धंद्यात साहेब नसतो, गिऱ्हाईक असतं. आणि नियमांचा कंटाळा आला म्हणून जीएसटीच्या मासिक रिटर्नची 20 तारीख टळत नाही. अमेरिकेतल्या उद्योजकांवरचा 2014 चा एक अभ्यास सांगतो, की नोकरी सांभाळून धंदा सुरू करणाऱ्यांचा धंदा बुडण्याची शक्यता, थेट नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती.

तेव्हा राजीनामा टाईप करून ठेवला असेल, तर राहू द्या. पाठवण्याआधी दुसऱ्या खात्यात बदली तेवढी मागून बघा.