हस्तर कोणाच्या घरात नाही?

आमच्या राणीसावरगावात सिनेमा पाहायचा म्हणजे घरीच. थिएटरसाठी गाव सोडायचं, तर स्वयंपाक, लेकरं, म्हातारी माणसं हे सगळं कोणाच्या गळ्यात टाकायचं? म्हणून आमच्या भिशीच्या बायकांनी एक युक्ती काढली आहे. ज्या महिन्यात जिच्याकडं भिशी, तिच्याकडंच सिनेमा. पोहे-चहा तिचा, निवडही तिची. आतापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. रडायच्या सिनेमाला रडलो, हसायच्या सिनेमाला हसलो आणि दिवेलागणीच्या आत आपापल्या घरी गेलो.

मागच्या महिन्यात भिशी माझ्याकडं होती. परभणीला कॉलेजात शिकणारा माझा थोरला सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "आई, दर वेळी तेच ते काय बघता? या वेळी 'तुंबाड' बघा."

"कशाचा आहे रे?"

"भुताचा. म्हणजे भुताचा नाही, बापलेकांचा."

मला काही उमगलं नाही. पण पोरानं हौसेनं टीव्हीला सगळं जोडून दिलं. सिनेमा मोठ्या माणसांचा आहे म्हणून धाकटीला शेजारी धाडलं. आम्ही सातजणी, सासूबाई आणि गंगाखेडहून मुद्दाम आलेल्या माझ्या नणंदबाई. पडदे ओढून घेतले आणि बसलो.

पावणेदोन तासांनी सिनेमा संपला, तेव्हा कोणी उठेचना. चहा निवून गेला होता. आणि मग जे भांडण सुरू झालं, ते मैत्रिणींनो, आज महिना झाला तरी मिटलेलं नाही!

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 'तुंबाड' हिंदी आहे, पण त्याची नाळ मराठीच. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. त्यांनी पहिला खर्डा १९९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिला होता. नारायण धारपांच्या भयकथांची छाया त्यावर आहे, आणि नाव आलं आहे श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून. चित्रीकरण २०१२ साली सुरू झालं. मनासारखं जमलं नाही म्हणून पुन्हा लिहून पुन्हा चित्रित केलं, आणि ते काम २०१५ साली संपलं. २०१८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला गेला आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला आपल्याकडं लागला. तेव्हा लोकांनी बेताचाच प्रतिसाद दिला. पण १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात आणला, तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला! पोराबाळांनी एकमेकांना सांगून सांगून तो मोठा केला.

कथा १९१८ पासून १९४७ पर्यंतची. कोकणातलं तुंबाड, सतत कोसळणारा पाऊस आणि एक पडका वाडा. (पाऊस पाहून आमच्या शेजारणीनं उसासा सोडला, "माय माय, यातला निम्मा आमच्या रानात पडला असता तर!") वाड्याखाली देवीचं उदर, आणि त्यात कोंडलेला हस्तर. सगळं सोनं आणि सगळं धान्य आपल्यालाच हवं म्हणून हावरटपणा केला, म्हणून शापित झालेला देवीचा पुत्र. सोनं त्याच्याजवळ आहे, पण धान्याचा कण नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. विनायकराव नावाचा माणूस दोरावरून खाली उतरतो, कणकेची बाहुली त्याच्यापुढं टाकतो आणि तो खाण्यात गुंतला की मूठभर मोहरा ओरबाडून वर येतो. चुकला तर मरणाहून वाईट गत. पुढं तो आपल्या पोराला, पांडुरंगाला, हीच विद्या शिकवतो.

सासूबाई रेणुकामातेच्या भक्त. त्यांचा पहिला आक्षेप आला, "हा हस्तर कोणत्या पोथीत आहे? मी तर कधी ऐकला नाही." त्यांचं बरोबर आहे. हस्तर आपल्या कुठल्याच पुराणात नाही, तो चित्रपटवाल्यांनी रचलेला आहे. हे सांगितल्यावर त्यांना जरा हायसं वाटलं. "मग भ्यायचं कशाला?" म्हणाल्या आणि वाती वळायला घेतल्या. पण कान आमच्याकडंच होते.

खरं भांडण जुंपलं ते बायकांवरून. विनायकरावाची बायको वैदेही झाली आहे अनिता दाते. 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली आपली राधिका! ती दिसल्याबरोबर सगळ्यांनी "अगं बाई, राधिका!" म्हणून टाळी दिली होती. पण राधिकेला नवऱ्याला धडा शिकवताना पाहिलेल्या आम्हाला वैदेही काही करेल असं वाटत राहिलं, आणि तिच्या वाट्याला विशेष काही आलंच नाही. आमच्यातल्या शाळेतल्या बाई तावातावानं म्हणाल्या, "सगळा सिनेमा पुरुषांचा. आई आहे ती राबायला, बायको आहे ती घर सांभाळायला, तिसरी आहे ती मौजेला. बायकांना यात माणूस म्हणून जागाच नाही. असला सिनेमा कशाला डोक्यावर घ्यायचा?"

माझी धाकटी जाऊ एरवी तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "बाई, जागा नाही हेच तर दाखवलंय. त्या घरात तिला जागा नव्हती, तर सिनेमात कुठून येणार?"

दोघींचं बराच वेळ चाललं. किराणा दुकानवाल्या वहिनींचा तिसराच सूर. "कामून एवढं वाईट म्हणता त्याला? जीव धोक्यात घालून कमावतो, घरी आणून देतो. आमच्याकडचे बघा, खाटेवरून उठत नाहीत!" यावर हशा पिकला. भुताच्या सिनेमांची शौकीन असलेली एक मैत्रीण मात्र नाराज होऊन गेली. "दचकायला झालंच नाही. निस्ता पाऊस आणि अंधार," हे तिचं मत.

सगळ्यांत मोठ्या आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी ५०-५५ वर्षांपूर्वीची आठवण काढली. १९७० साली विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' रंगभूमीवर आलं, डॉ. श्रीराम लागू यांनी बसवलेलं. बापाच्या पैशासाठी सख्खी भावंडं एकमेकांचे आणि बापाचेही लचके तोडतात, अशी ती कथा. सेन्सॉरनं नाटकातल्या बाईच्या साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली, तेव्हा डाग निळा केला आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना सांगून प्रयोग झाले. "तेव्हाही बायका अशाच दोन तट पाडून भांडल्या," त्या म्हणाल्या. "घरातली घाण चव्हाट्यावर कशाला, असं काहीजणी म्हणत. मला तेव्हाच वाटलं होतं, डागाचा रंग बदलला म्हणून डाग जात नाही."

कोणीतरी 'लपाछपी' ची आठवण काढली. विशाल फुरिया यांचा २०१७ चा मराठी चित्रपट, पुढं २०२१ मध्ये 'छोरी' म्हणून हिंदीतही आला. उसाच्या फडातलं एकटं घर, पोटुशी पूजा सावंत आणि मुलगी नको म्हणून झालेली पापं. ऊसतोडीला जाणारी माणसं आमच्या आसपासची, त्यामुळं तो आम्हाला एका झटक्यात भिडला होता. त्यावर भांडण झालं नव्हतं. कारण त्यात दुःख बाईचं होतं आणि ते आम्हाला ओळखीचं होतं. 'तुंबाड' मध्ये बाईचं दुःख कोपऱ्यात आहे आणि मध्यभागी पुरुषाची हाव आहे. ती ओळखायला जड जाते, मैत्रिणींनो, कारण ती आपल्याच घरात, आपल्याच माणसांच्या अंगाखांद्यावर खेळत असते.

हे मला त्या दिवशी कसं कळलं ते सांगते.

इतका वेळ नणंदबाई गप्प होत्या. पोह्यांच्या बशा गोळा करता करता त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "त्या बाईला नवऱ्यानं मोहरा कुठून येतात ते कधी सांगितलं नाही. गुपित बापाकडून लेकाला. बाईच्या हाती नुसती आलेली मोहर. आपल्याकडं तरी काय निराळं आहे?"

खोली एकदम शांत झाली. माझा चेहरा उतरला, कारण तो टोला कोणाला होता हे फक्त मला ठाऊक होतं.

मागच्या वर्षी मामंजी गेले. जमीन सहा एकर. दोघा भावांच्या नावावर करायची म्हणून हक्कसोडीचा कागद तयार करून आमच्या कपाटात ठेवला होता. ताई दिवाळीला आल्या की सही घ्यायची, साडी-चोळी करायची, झालं. असंच ठरलं होतं, आणि ताईंना कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. बारा वर्षांपूर्वी माझ्या माहेरी मीही अशीच सही दिली होती. एक जरीकाठी साडी मिळाली. रात्री पाठ फिरवून रडले होते. पण या वेळी मोहर आमच्या घरात येणार होती ना! म्हणून वैदेहीसारखी मी काहीच विचारलं नाही.

सगळ्याजणी गेल्यावर मी पातेली घासत होते. थोरला पाठीशी येऊन उभा राहिला. सिनेमा त्यानं आधी तीनदा पाहिलेला. म्हणाला, "आई, तुम्ही सगळ्या विनायकरावावर भांडलात. शेवटच्या पाच मिनिटांवर कोणी बोललंच नाही."

(ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी हा एक परिच्छेद सोडून द्यावा.) शेवटी हाव अंगाशी येते. बाप स्वतः शापित होतो. त्या अवस्थेतही तो मोहरांनी भरलेला लंगोट मुलापुढं धरतो, घे म्हणतो. एवढ्यासाठीच तर सगळा जन्म घालवलेला! आणि पोरगा घेत नाही. बापाच्याच चालीवर चालणारं, बापाहून पुढची युक्ती सुचवणारं ते पोर रडत रडत नाही म्हणतं आणि बापाला त्या यातनेतून सोडवतं.

"मला भीती हस्तरची नाही वाटली," थोरला म्हणाला. "त्या पोराला बाप दोरावर चढायला शिकवतो ना, तेव्हा वाटली. बापानं पाठ थोपटली की पोरगं किती खूश होतं बघितलंस?"

मी बघितलं होतं. आपल्याकडं पोरगं पडून रडलं की आपण म्हणतो, "पोरीसारखं रडतोस काय?" बहिणीच्या ताटातला लाडू त्यानं उचलला तर म्हणतो, "असू दे, पोराची जात आहे." शेताच्या वाटणीची बोलणी चालली की दहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसवतात आणि बावीस वर्षांच्या मुलीला चहा टाकायला आत पाठवतात. दोरावर चढायची तालीम ती हीच. आणि ती एकटा बाप देत नाही, आपणही हातभार लावतो. कणकेची बाहुली मळणारे हात कोणाचे, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला.

जेवताना थोरल्यानं सरळ विचारलं, "बाबा, आत्याला विचारलंय का?" हे जेवायचे थांबले. "सिनेमे बघून घरं चालत नसतात," एवढं म्हणाले आणि मोटार बंद करायला रानात गेले. त्या रात्री घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

ज्या मैत्रिणींना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी कायद्याचंही दोन ओळींत सांगते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या होत्या. २००५ साली केंद्रानं कायदा बदलला आणि हा भेद गेला. २००५ साली वडील हयात असले पाहिजेत ही अटही नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. हक्क सोडणं हा ज्या त्या बाईच्या मर्जीचा प्रश्न. पण नोंदणी झालेली सही मागं घेणं फार अवघड असतं. म्हणून कागद आधी वाचावा, कळला नाही तर वकिलाला दाखवावा. सणाच्या गडबडीत, ओवाळणीच्या ताटाशेजारी सही करू नये.

भावाशी वाकडं येईल ही भीती मला कळते. माहेरचं दार बंद होईल, म्हातारपणी कोण विचारेल, ही भीती कोणत्याही हस्तरहून मोठी आहे. म्हणून मी कोणाला 'सही करू नका' म्हणणार नाही. पण तुमच्या घरात नणंद सही करणार असेल, तर एवढं तरी करा. तिला कोणी विचारलंय का, हे विचारा. मी ते करायला सिनेमाची वाट पाहिली, याची मला लाज वाटते.

आमच्याकडचा कागद अजून कपाटातच आहे. चार दिवसांनी यांनी गंगाखेडला फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पिकाचं बोलले, पावसाचं बोलले, भाच्याच्या परीक्षेचं बोलले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "ये एकदा. बसून बोलू." पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही. दीर तयार होतील का, तेही नाही. पण त्या बोलण्याला मी चहा टाकायला आत जाणार नाही, एवढं मात्र ठरवलं आहे.

पुढची भिशी शाळेतल्या बाईंकडं आहे. त्यांनी आधीच जाहीर केलं आहे, "या वेळी विनोदी!" बघू या. आमच्या बायका विनोदी सिनेमावरही भांडल्या नाहीत तर मिळवली.