सेलिब्रिटी, आजी आणि गोवराची लस

गेल्या उन्हाळ्यात कॅरीच्या बॉण्ड पार्कमध्ये आम्हा मराठी मंडळींची सहल होती. भेळ संपत आली होती, मुलं तळ्याकाठी बदकांच्या मागे धावत होती. तेवढ्यात ओळखीतली एक तरुण आई तेरा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. जरा वेळानं हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही औषधांच्या चाचण्यांचं काम करता ना, म्हणून विचारते. बाळाची एमएमआर थोडी पुढं ढकलली तर चालेल का? नीट बोलायला लागेपर्यंत?"

कारण विचारलं तेव्हा कळलं, की तिच्या भाच्याला ऑटिझम आहे. त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर एका जुन्या टीव्ही कार्यक्रमाची क्लिप पाठवली होती. क्लिपमधली प्रसिद्ध अभिनेत्री डोळ्यांत पाणी आणून सांगत होती, की लशीनंतर तिचा मुलगा बदलला. आणि या घरानं डिसेंबरात भारतात जायची तिकिटं तर काढून ठेवली होती.

ही मुलगी उच्चशिक्षित आहे, रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये चांगल्या हुद्द्यावर आहे. तिला हसणं सोपं होतं, पण तिची भीती खरी होती. ती भीती आली कुठून, हे आपण जरा नीट पाहू.

सुरुवात १९९८ ची. अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरनं 'लॅन्सेट' या मान्यवर नियतकालिकात फक्त १२ मुलांवरचा एक निबंध प्रसिद्ध केला आणि एमएमआर लस (गोवर, गालगुंड आणि रुबेला) व ऑटिझम यांचा संबंध असू शकतो असं सुचवलं. पुढं ब्रायन डीअर या पत्रकारानं उघड केलं, की लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफील्डना पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदीतही फेरफार होते. २०१० साली 'लॅन्सेट'नं तो निबंध मागं घेतला. त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेनं वेकफील्डचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकलं.

पण मधल्या बारा वर्षांत ही गोष्ट दवाखान्यातून दिवाणखान्यात पोचली होती. २००७ मध्ये जेनी मॅकार्थी ही अभिनेत्री ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात आली. माझा मुलगा हाच माझा पुरावा, असा तिचा सूर होता. पुढच्या वर्षी तिनं आणि जिम कॅरीनं वॉशिंग्टनमध्ये मोर्चा काढला. आपला लशीला विरोध नाही, फक्त ती सुरक्षित हवी, असं तिचं म्हणणं होतं. ऐकणाऱ्या आयांच्या मनात मात्र एवढंच राहिलं, की लस धोक्याची. एका आईची गोष्ट मनात घर करते. तिच्यासमोर एखादा शास्त्रज्ञ तक्ते घेऊन बसला, तरी तो कोरडाच वाटतो.

मग मॅकार्थीसारख्या आयांना जे दिसलं ते खोटं होतं का? खोटं नव्हतं, जोडणी चुकली होती. अमेरिकेत एमएमआरचा पहिला डोस १२ ते १५ महिन्यांत देतात. ऑटिझमची लक्षणं आईवडिलांच्या ध्यानात येतात तीही साधारण याच सुमारास, म्हणजे बाळानं बोलणं, हाकेला ओ देणं, बोट दाखवणं अपेक्षित असतं तेव्हा. लाखो मुलांना त्या वयात लस मिळते. त्यातल्या काहींमध्ये लक्षणं लशीनंतरच्या आठवड्यात दिसणार, हे ओघानंच आलं. याला आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

कावळ्यानं फांदी मोडली की नाही हे तपासायचं, तर कावळा न बसलेल्या फांद्याही पाहायला हव्यात. डेन्मार्कमध्ये तेच केलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६,५७,४६१ मुलांची माहिती होती. एमएमआर घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त नव्हतं. ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम होता, त्या मुलांचा वेगळा हिशेब मांडला, तिथंही फरक दिसला नाही. जपानमध्ये तर १९९३ पासून एमएमआर देणं थांबवलं होतं. तरी योकोहामात ऑटिझमच्या नोंदी वाढतच गेल्या. फांदी कावळ्याविनाही मोडत होती.

आता इथं कुणी म्हणेल, गोऱ्या नट्यांच्या बोलण्याचा आपल्याशी काय संबंध? म्हणून मिनेसोटातल्या सोमाली लोकांची हकिकत सांगते. तेही आपल्यासारखे दुसऱ्या देशातून आलेले, एकमेकांना धरून राहणारे, मुलांसाठी कष्ट उपसणारे. आपल्या मुलांत ऑटिझम जास्त दिसतोय, या काळजीत ते असताना एमएमआरची अफवा तिथं पोचली. वेकफील्ड स्वतः मिनियापोलिसला जाऊन त्यांना भेटले. २००४ मध्ये तिथल्या सोमाली मुलांपैकी ९२ टक्क्यांना एमएमआर मिळत होती. २०१४ पर्यंत हा आकडा ४२ टक्क्यांवर आला. आणि २०१७ मध्ये गोवर आला. राज्यात ७५ जणांना लागण झाली, त्यातली बहुतेक सोमाली कुटुंबांतली लस न घेतलेली मुलं होती. एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या छोट्या समाजात चांगला सल्ला लवकर पसरतो, तशी अफवाही. आपले व्हॉट्सॲप ग्रुप काही वेगळे नाहीत.

गोवराचा विषाणू अतिशय संसर्गजन्य. रोगी खोलीतून गेल्यावरही तो दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. त्याला रोखायला सुमारे ९५ टक्के लोकांत प्रतिकारशक्ती लागते, म्हणजे दर वीस जणांत एखादाच सुटलेला चालतो. लशीचा एक डोस सुमारे ९३ टक्के संरक्षण देतो, दोन डोस ९७ टक्के. अमेरिकेनं २००० साली गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं. २०२५ मध्ये एकट्या टेक्ससमधल्या उद्रेकात सातशेहून जास्त जणांना लागण झाली आणि दोन मुलं दगावली. दोघांनीही लस घेतलेली नव्हती.

प्रसिद्धीचा उपयोग उलट बाजूनंही होतो. १९५६ मध्ये एल्विस प्रेस्लीनं कॅमेऱ्यांसमोर पोलिओची लस टोचून घेतली. त्याच्याही आधी, जानेवारी १८९७ मध्ये, मुंबईत वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची नवी लस पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. अमिताभ बच्चन यांच्या पोलिओच्या जाहिराती तर आपल्यापैकी अनेकांच्या कानात अजून असतील. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. मात्र त्यामागं नुसता बच्चनचा आवाज नव्हता. घरोघर फिरून दार वाजवणाऱ्या आणि बाळाच्या करंगळीला शाई लावणाऱ्या हजारो बायांचे पाय होते. माणूस आवाज टीव्हीवर ऐकतो, पण मुलाला पुढं करतो ते ओळखीच्या चेहऱ्यासमोर.

त्या दिवशी बॉण्ड पार्कमध्येही तसंच झालं. मी आकडे सांगितले. तिनं मान डोलावली, पण चेहरा काही निवळला नाही. बाळाची आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, कागलहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. इतका वेळ त्या शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी घरात गोवर आला की दाराला कडुलिंबाचा पाला लावायचे. औषध देत नव्हते, देवीचा कोप होईल म्हणून. माझ्या धाकट्या भावाला गोवर झाला, मग कान वाहायला लागला. एका कानानं तो जन्मभर बहिराच राहिला. लस असती तर आमच्या आईनं दहा मैल चालत नेलं असतं त्याला."

गोवरानंतर कानाला संसर्ग होणं आणि त्यातून बहिरेपण येणं, हे वैद्यकाच्या पुस्तकात आहेच. पण सूनबाईला ते पुस्तकातून पटलं नसतं.

मी तिला एवढंच आणखी सांगितलं, की भाच्याबद्दलची काळजी मनात ठेवू नको, ती बाळाच्या डॉक्टरांसमोर मोकळेपणानं मांड. बाळाच्या बोलण्याकडं, हाकेला ओ देण्याकडं लक्ष दे. शंका वाटली तर तपासणी लवकर करून घे, त्याचा फायदाच होतो. लस पुढं ढकलून ऑटिझम टळत नाही, फक्त बाळ तेवढे महिने उघडं राहतं.

भारतात जाणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. तिथं गोवर अजून आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात मोठा उद्रेक होऊन मुलं दगावली होती. म्हणून परदेशप्रवासाआधी ६ ते ११ महिन्यांच्या बाळालाही एमएमआरचा एक डोस द्यावा, अशी इथली शिफारस आहे. तो जादाचा धरतात, वर्षानंतरचे दोन डोस द्यावेच लागतात. वर्षापुढच्या मुलाला पहिल्या डोसनंतर २८ दिवसांनी दुसरा देता येतो. तिकिटं काढतानाच डॉक्टरांना विचारलेलं बरं.

पुढच्याच आठवड्यात बाळाला लस मिळाली. आठ-दहा दिवसांनी एक दिवस अंग कोमट झालं, किरकिर झाली. तसं होऊ शकतं हे आधी माहीत असल्यानं कुणी घाबरलं नाही. दुसरा डोसही जाण्याआधी झाला. डिसेंबरात कागलहून फोटो आला. अंगणात बाळ एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मांडीवर बसलं होतं आणि त्यांच्या कानातलं यंत्र ओढत होतं.