लाकडाचा तुकडा आणि चुकलेले वळण

मुलांनो, कोणतेही यंत्र नसताना चालत्या जहाजाचा वेग कसा मोजाल? सतराव्या शतकातले डच खलाशी जहाजाच्या पुढच्या टोकापाशी पाण्यात लाकडाचा तुकडा टाकीत. जहाजाच्या कडेवर दोन खुणा असत. पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत जायला तुकड्याला किती वेळ लागतो ते पाहिले, की झाले! समजा, खुणांमधले अंतर १२ मीटर आणि वेळ ४ सेकंद. तर वेग तासाला सुमारे ११ किलोमीटर.

यात एक मेख होती. समुद्राचा प्रवाह जहाजाबरोबर तुकड्यालाही वाहून नेतो. तेव्हा प्रवाहाने जहाज किती पुढे नेले, हे कळतच नसे.

मसाल्याच्या व्यापारासाठी ही जहाजे जावा बेटाला जात. १६११ साली हेंड्रिक ब्राउवरने नवी वाट काढली : आफ्रिकेच्या टोकावरून आणखी दक्षिणेला उतरायचे, तिथल्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर पूर्वेला जायचे, मग उत्तरेला वळायचे. जवळजवळ वर्षाचा प्रवास सहा महिन्यांवर आला.

पण वळायचे कुठे? सूर्याच्या उंचीवरून अक्षांश मिळे. रेखांशासाठी मात्र अचूक घड्याळ हवे, आणि डुलत्या जहाजावर नीट चालणारे घड्याळ अठराव्या शतकापर्यंत झालेच नाही. वळायला उशीर झाला, की समोर ऑस्ट्रेलिया! १६१६ मध्ये डर्क हार्टोग असाच तिथे पोचला. तो सुखरूप परतला.

४ जून १६२९ च्या रात्री ‘बटाविया’ जहाजावर ३०० हून अधिक माणसे होती. समोर पांढरे काही दिसले. जमीन अजून फार दूर आहे, असा कप्तानाचा हिशेब. तेव्हा ते पाण्यावरचे चांदणेच असणार! तो प्रवाळखडकांवर फुटणाऱ्या लाटांचा फेस होता.