घडीचा ॲल्युमिनियम दरवाजा : रचना आणि दक्षता

हैदराबाद शहराच्या पश्चिमेस १९९८ साली 'सायबर टॉवर्स' या इमारतीचे उद्घाटन झाले. त्यानंतर माधापूर, कोंडापूर, गच्चीबावली या भागांत उंच इमारतींची नवी वसाहत वाढत गेली. तेथील घरांत बैठकीची खोली आणि सज्जा यांच्यामध्ये काचेच्या झडपा असलेला, घडी होऊन बाजूला सरकणारा ॲल्युमिनियमचा दरवाजा आढळतो. ही कल्पना मराठी माणसास सर्वस्वी अपरिचित नाही. जुन्या बाजारपेठांत दुकानाच्या फळ्या एकेक काढून बाजूस रचून ठेवीत व दुकानाचे सारे तोंड मोकळे होई. घडीच्या दरवाजात त्याच फळ्या जणू बिजागऱ्यांनी एकमेकींस जोडलेल्या असतात.

शाळेचे सभागृह किंवा समाजमंदिर यांतही असा दरवाजा उपयोगी पडतो. दोन खोल्यांची क्षणात एक खोली करता येते. तथापि त्याचे आयुष्य चकचकीत काचेवर नव्हे, तर सहसा नजरेस न पडणाऱ्या भागांवर अवलंबून असते.

भार कोण वाहतो?

भिंतीत पक्की बसविलेली चौकट, तिच्यातील झडपा, झडपा जोडणाऱ्या बिजागऱ्या, वरचा व खालचा रूळ आणि रुळावरून धावणारी चाके हे या दरवाजाचे प्रमुख भाग होत. काही दरवाजांचा भार वरच्या रुळावर टांगलेला असतो. काहींचा खालच्या रुळावर टेकलेला असतो. दुसऱ्या टोकाची खिटी केवळ झडपांना दिशा देते.

एक चौरस मीटर काचेचे वजन, जाडीच्या दर मिलिमीटरमागे, अडीच किलोग्रॅम असते. म्हणजे एक मीटर रुंद, दोन मीटर उंच आणि ६ मिलिमीटर जाड अशी एक काच ३० किलोग्रॅमची होते. चार झडपांची केवळ काचच १२० किलोग्रॅम भरते. टांगलेल्या दरवाजात हा सर्व भार वरच्या तुळईवर येतो. तुळई थोडी जरी वाकली, तरी झडपा अडकू लागतात. म्हणून जुन्या इमारतीत असा दरवाजा बसविण्यापूर्वी अभियंत्याकडून तुळई तपासून घेणे अगत्याचे आहे.

ऊन, पाऊस आणि धूळ

हैदराबादेत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापमान ३० अंशांनी वाढल्यास चार मीटर लांबीची पट्टी सुमारे पावणेतीन मिलिमीटर वाढते. यासाठी चौकट व झडपा यांत पुरेशी फट ठेवतात आणि ती रबरी पट्ट्यांनी किंवा केसाळ ब्रशांनी बंद करतात. चांगल्या प्रतीच्या दरवाजात धातूच्या आतील व बाहेरील भागांमध्ये पॉलिअमाइडची पट्टी असते. तिच्यामुळे बाहेरची उष्णता सहजासहजी आत येत नाही.

ॲल्युमिनियम लोखंडासारखे तांबडे गंजत नाही, त्यास वाळवीही लागत नाही. पण खालच्या रुळात माती साचली, की चाके झिजतात. रुळास पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे ठेवलेली असतात. ती बुजली, तर पावसाचे पाणी घरात शिरते. रूळ नियमितपणे झाडणे आणि पावसाळ्यापूर्वी छिद्रे मोकळी करणे, एवढी साधी काळजी बऱ्याच दुरुस्त्या टाळते.

संकटकाळची वाट

झडपांची संख्या ठरविताना केवळ शोभा पाहू नये. तीन झडपांच्या दरवाजात एक झडप साध्या दारासारखी उघडता येते. चार असल्यास तीन एका बाजूस व एक दुसऱ्या बाजूस ठेवून तीच सोय साधते. रोजच्या येण्याजाण्यासाठी सगळी घडी उघडावी लागू नये, हा यातील हेतू आहे.

मात्र घडीचा दरवाजा हा गर्दीच्या जागेतून बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग असता कामा नये. घाबरलेली माणसे बंद झडपांवर रेटली गेली, तर घडी उलगडत नाही. शिवाय ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते आणि त्याच्या बरेच आधी दुर्बळ होते. हैदराबादच्या गुलजार हौज भागात १८ मे २०२५ रोजी लागलेल्या आगीत १७ जणांचा बळी गेला. त्या इमारतीत जाण्यायेण्याची वाट अरुंद होती. ती दुर्घटना घडीच्या दरवाजामुळे झाली नव्हती, पण सुटकेच्या वाटेचे मोल तिने दाखवून दिले. शाळा व सभागृहे यांत बाहेरच्या बाजूस उघडणारे, कुलूप नसलेले स्वतंत्र दार असलेच पाहिजे.

खरेदीपूर्वी

ॲल्युमिनियमची दारे व खिडक्या यांसाठी भारतीय मानक क्रमांक १९४८ हे १९६१ साली निघाले. कठीण केलेल्या सुरक्षित काचेसाठी मानक क्रमांक २५५३ आहे. अशी काच फुटल्यास तिचे धारदार सुळके न होता बारीक तुकडे होतात. मुलांच्या वावराच्या जागी हीच काच घ्यावी. दरपत्रक मागविताना काचेची जाडी व प्रकार, रूळ वरचा की खालचा, चाकांची भार पेलण्याची क्षमता आणि सुटे भाग मिळण्याची सोय यांचा लेखी उल्लेख करून घ्यावा. केवळ चौरस फुटाचा दर पाहून घेतलेला दरवाजा स्वस्त वाटला, तरी चाक निकामी होताच तो भिंतीसारखा उभा राहतो. सार्वजनिक पैशातून उभारलेल्या वास्तूत तसे होऊ न देणे ही ग्रामपंचायत, शाळा समिती आणि अधिकारी या सर्वांचीच जबाबदारी आहे.