नेब्रास्काचे पत्र : घरच्या बाकावरची काडतुसे

ग्रँड आयलंड (नेब्रास्का), नोव्हेंबर

सोयाबीन आणि मका घरात आला, की इथला शेतकरीही लातूरच्या शेतकऱ्यासारखाच भावाकडे डोळे लावून बसतो. फरक पुढे पडतो. नोव्हेंबरच्या मध्यात हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम येतो आणि त्याआधी कितीतरी घरांच्या गॅरेजमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो. तिथे बाकावर दाबयंत्र बसवलेले असते आणि माणूस स्वतःच्या रायफलीसाठी काडतुसे भरत असतो.

नांदेड-लातूरच्या वाचकाला हे पचायला जड जाईल. आपल्याकडे विनापरवाना एक जिवंत काडतूस सापडले तरी गुन्हा दाखल होतो. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार काडतुसे विकण्यासाठी बनवायची असतील तर केंद्राचा परवाना लागतो. स्वतःपुरती भरणाऱ्याला तो लागत नाही.

यामागे काटकसर आहे. काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, दारू आणि गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडते. सर्वांत महाग पुंगळी मात्र हाती उरते आणि पुन्हा भरता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याची शिल्लक दारू स्वस्तात बाजारात आली आणि हा छंद घरोघर पसरला. जॉइस हॉर्नडी यांनी १९४९ मध्ये याच ग्रँड आयलंडात गोळ्या बनवण्याचा धंदा सुरू केला. त्यांची कंपनी आज जगभर माल पाठवते.

या कामात चुका कुठे होतात आणि जाणती माणसे त्या कशा ओळखतात, हे पाहिल्यावर मला हा देश जास्त कळला.

सर्वांत घातक चूक म्हणजे पुंगळीत दारू घालायचीच राहणे. टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. आवाज फुसका येतो, खांद्याला धक्का बसत नाही. नेम धरणाऱ्याने घाईत दुसरा बार काढला तर नळी फुटते. म्हणून इथला पहिला नियम असा की आवाज वेगळा वाटला की थांबायचे, बंदूक रिकामी करायची आणि नळी आरपार मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही.

दुसरी चूक उलटी : दारू जास्त पडणे किंवा भलतीच पडणे. इथे दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मे वजन. एवढ्याशा मापातली चूकही दाब धोक्याच्या हद्दीपलीकडे नेऊ शकते. त्यामुळे बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवतात आणि गोळी बसवण्याआधी भरलेल्या सगळ्या पुंगळ्यांत विजेरीचा उजेड टाकून दारूची पातळी बघतात. दाब वाढल्याची खूण बार काढल्यावर दिसते. टोपी चपटी होते, बोल्ट उघडायला जड जातो. अशी खूण दिसली की त्या मापाची उरलेली काडतुसे उडवत नाहीत, सुटी करतात.

तिसरी अडचण जुन्या पुंगळीची. दर बाराला पितळ ताणले जाते आणि बुडाच्या थोडे वर पातळ होत जाते. तिथे बाहेरून चकाकती रेघ दिसली किंवा आतून वाकड्या तारेच्या टोकाला खळगा लागला, की पुंगळी भंगारात. मानेला चीर गेली तरी तोच न्याय. काडतूस बंदुकीत नीट बसत नसेल, तर बहुतेक वेळा पुंगळी लांबली आहे किंवा साच्यात पुरती दाबली गेलेली नाही. अशा वेळी ठोकून बसवायचे नसते, मापपट्टीवर घालून पाहायचे असते.

हे सगळे चालते, कारण त्यामागे मोठी व्यवस्था उभी आहे. काडतुसांचे आकार आणि दाब ठरवणारी उत्पादकांची संस्था १९२६ पासून काम करते. दारूच्या कंपन्या प्रयोगशाळेत तपासलेली मापे छापतात. घरात दारू किती आणि कशी ठेवावी, याचे अग्निसुरक्षेचे मानक आहे : मूळ डब्यातच, साधारण २० पौंडांपर्यंत. आणि प्रत्येक खेपेची तारीख, माप आणि परिणाम वहीत लिहिण्याची सवय आहे. सरकार गॅरेजमध्ये डोकावत नाही. ती जबाबदारी माणसाने स्वतःवर घेतलेली असते.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतुसे बनवायला मनाई केली आहे. हे काम १८६९ पासून चालणाऱ्या खडकीच्या कारखान्यासारख्या ठिकाणी होते. तिथेही स्फोटके माफ करत नाहीत. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार गेले. प्रशिक्षित माणसांच्या कारखान्यात हे घडते, तिथे छापील मापे नाहीत, तराजू नाही आणि दारू कुठली हेही ठाऊक नाही अशा ठिकाणी काय होईल, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा दोन्ही कायद्यांची तुलना करताना केवळ अमेरिकेचे स्वातंत्र्य पाहू नये. त्याच्या पायाशी असलेली शिस्तही पाहावी.

नेमबाज स्वप्नील कुसळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधले कांस्यपदक पाहून रायफलीकडे वळलेल्या मुलांनी एक लक्षात ठेवावे. त्यांच्या प्रकारातल्या पॉइंट टू टू काडतुसाची पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नसतेच, कारण पेट घेणारा मसाला तिच्या काठातच असतो. खेळायचे तर मान्यताप्राप्त रेंजवर, तिथल्याच काडतुसांनी.

आणि गावाकडच्या मंडळींना आग्रहाची विनंती. रानडुकरे आणि हरणे पीक खातात, तो राग मला कळतो. त्यासाठी वनविभागाकडे पंचनामा करून भरपाई मागा. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीत अंदाजाने दारू भरू नका, सापडलेल्या पुंगळीशी खेळू नका. घरात जुनी दारू किंवा काडतुसे निघाली तर त्यांना हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा.

— तुमचा लातूरकर वार्ताहर