चूल, शेकोटी आणि कायदा

आग लागली की आपल्या वस्तीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, 'नशीबच फुटके!' आणि दुसरे, 'बंब उशिरा आला!' नशिबावर भार टाकण्याचे आपण १९५६ साली नागपूरला सोडून दिले. बंब उशिरा येतो हे मात्र पुष्कळदा खरे असते. गल्ली अरुंद, तोंडाशीच हातगाड्या आणि मोटारसायकली उभ्या, मग बंब आत यायचा कसा? पण या दोन वाक्यांच्या मध्ये आणखी एक गोष्ट राहून जाते. ती म्हणजे आगीचे नियम. रस्त्यावर, मोकळ्या जागेत काय जाळू नये, घरातला विस्तव कसा सांभाळावा, याबद्दल कायद्याला काही म्हणायचे आहे. हा कायदा जसा आपल्याला बांधतो, तसाच तो नगरपालिकेला आणि महानगरपालिकेलाही बांधतो. पहिली बाजू दंडाची पावती हातात पडली की कळते. दुसरी बाजू कोणी होऊन सांगत नाही. म्हणून दोन्ही बाजू नीट समजून घेऊ या.

कचऱ्याचा धूर

घंटागाडी चार-चार दिवस फिरकत नाही. कोपऱ्यावर ढीग साचतो, माशा घोंघावतात, कुत्री कचरा घरापर्यंत ओढून आणतात. शेवटी कोणीतरी वैतागून काडी लावतो. सकाळपर्यंत ढीग बसतो आणि कचरा गेला असे वाटते. पण कचरा गेलेला नसतो. तो धूर होऊन आपल्याच घरात, आपल्याच लेकरांच्या छातीत शिरलेला असतो.

आपल्या आजीच्या वेळी कचरा म्हणजे पालापाचोळा, राख आणि भाजीचे देठ. आजच्या कचऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, रबर, फोम, रंगवलेले लाकूड असे काय काय असते. पीव्हीसीचे वेष्टन असलेली वायर जाळली की तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन यांसारखे विषारी पदार्थ बाहेर पडतात. तांब्याच्या चार पैशांसाठी आपल्या वस्त्यांतली पोरे वायरींचे भेंडोळे पेटवून त्याच्याभोवती उभी राहतात. त्यांना कोणी रागावण्याआधी हे समजावून सांगितले पाहिजे, की वायर सोलून विकली तरी तांबे मिळते आणि छाती शाबूत राहते.

कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्पष्ट सांगितले, की कोणीही आपला कचरा रस्त्यावर, आपल्या जागेबाहेरच्या सार्वजनिक मोकळ्या ठिकाणी, गटारात किंवा पाण्यात टाकू नये, जाळू नये, पुरू नये. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, अगदी डम्पिंग ग्राउंडवरसुद्धा. साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई त्या आदेशात ठरवली गेली. शिवाय ठिकठिकाणच्या महानगरपालिकांचे स्वतःचे दंड आहेत. मुंबईत पूर्वी हा दंड १०० रुपये होता, २०२५ साली तो १,००० रुपये करण्यात आला. रोजंदारीवर जाणाऱ्याची एवढ्यात दिवसभराची कमाई जाते.

हा धूर किती दूर जातो, हे मुंबईने जानेवारी २०१६ मध्ये पाहिले. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ सालापासून शहराचा कचरा पोटात घेत आले आहे. त्या जानेवारीत तिथे आग भडकली आणि दिवसेंदिवस धुमसत राहिली. धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दूरच्या लोकांना त्या आठवड्यात पहिल्यांदा देवनार आठवले. शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि गोवंडीच्या लोकांना मात्र तो धूर आधीही ठाऊक होता आणि नंतरही ठाऊक राहिला. कचरा साऱ्या शहराचा आणि खोकला तेवढा आपला, अशी ही वाटणी आहे.

झाडूवाल्याने काय करावे?

रस्ता झाडणाऱ्या माणसापुढे पानांचा ढीग असतो. गाडी आलेली नसते. मुकादम म्हणतो, 'उरकून टाक.' उरकायचे म्हणजे पेटवायचे, हे न सांगता कळते. पावती फाटली तर मात्र मुकादम 'मी कुठे सांगितले?' म्हणून मोकळा. सफाईच्या कामात आपले भाऊ-बहीण पिढ्यान्‌पिढ्या राबत आले आहेत. तेव्हा ही गोष्ट त्यांनी पाठच करून ठेवावी.

२०१६ च्या नियमांनी पालिकेवर अशी जबाबदारी टाकली, की झाडलेली पाने जाळू नयेत, ती वेगळी साठवून कचरा नेणाऱ्यांच्या हवाली करावीत, अशा सूचना तिने सफाई कामगारांना द्याव्यात. त्याच नियमांत कचरा हाताळणाऱ्या कामगारांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क मिळाले पाहिजेत असेही लिहिले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दारोदार जाऊन कचरा गोळा करण्याची जबाबदारी सांगताना त्यांनी झोपडपट्ट्या आणि अनधिकृत म्हणवल्या जाणाऱ्या वस्त्या यांचाही उल्लेख केला. 'तुमची वस्ती यादीत नाही, म्हणून गाडी येत नाही,' हे उत्तर त्या नियमांत बसत नाही. नियम वेळोवेळी नवे होतात, त्यांचे कलम-क्रमांक बदलतात. पण काडी लावू नका असे सांगणाऱ्याने आधी गाडी पाठवली पाहिजे, हा न्याय बदलत नाही.

शेकोटी आणि शेगडी

थंडीत शेकोटी पेटवणारा माणूस गुन्हेगार नसतो. रात्रपाळीचा वॉचमन, पुलाखाली झोपणारा मजूर, साखर कारखान्याच्या फडावर पाल ठोकून राहिलेले ऊसतोड कुटुंब, यांना ऊब दुसरी कुठली? पण शेकोटीत टायर आणि प्लॅस्टिक घालू नये, ती झोपडीपासून, ताडपत्रीपासून आणि विजेच्या वायरीपासून दूर असावी, आणि उठताना तिच्यावर पाणी किंवा माती टाकूनच उठावे. आगीच्या बाबतीत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे तर जिवावर बेतणारेच आहे. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. शेगडी बाहेर विझवावी आणि मगच दार लावावे.

खेड्यापाड्यांतल्या वाचकांसाठी एक सूचना. विदर्भात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धत आहे. ती आग जंगलात पसरते. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून या आगीच्या हंगामात वनखात्याची नजर अधिक कडक असते. पाला झाडून दूर केला, किंवा झाडाखाली जुनी लुगडी अंथरली, तरी मोहफुले स्वच्छ मिळतात.

घरातला विस्तव

घरातल्या धुराचा पहिला बळी चुलीपुढे बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातील सुमारे ४१ कुटुंबांकडे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन नव्हते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, बायकांच्या नावावर गॅस आला. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की तो कोपऱ्यात उभा राहतो आणि चूल पुन्हा पेटते. अशा घरात निदान चूल दाराजवळ किंवा ओट्यावर असावी, वर धूर जायला वाट असावी, आणि तान्हे मूल चुलीपाशी घेऊन बसू नये.

गॅस आहे त्या घरांनी या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला की दिव्याचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या पट्टीवरचे अक्षर पाहावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचे आकडे वर्षाचे. ती तारीख उलटून गेली असेल तर तो सिलिंडर परत करावा. मोठ्या सिलिंडरमधून छोट्या टाकीत गॅस भरून घेणे बेकायदेशीर आहे आणि घातकही.

अपघात झालाच, तर तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार या विम्यात मृत्यूसाठी ६ लाख रुपये, उपचारासाठी प्रत्येकी २ लाखांपर्यंत आणि नोंदवलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत तरतूद होती. त्यासाठी वितरकाला आणि पोलिसांना लगेच लेखी कळवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या घराघरांतली. फळीवर तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, भोवती प्लॅस्टिकच्या फुलांची माळ, आणि समोर मेणबत्ती. वंदना संपते, आपण कामाला लागतो, मेणबत्ती जळत राहते. एक झुळूक आली की माळ पेट घेते. मेणबत्ती पाणी घातलेल्या ताटलीत ठेवावी, माळेपासून आणि पडद्यापासून दूर ठेवावी, आणि घराबाहेर पडण्याआधी विझवावी. यात श्रद्धेला काही उणेपणा येत नाही.

अपघात की गुन्हा?

'स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू,' अशी दोन ओळींची बातमी वर्षानुवर्षे छापून येत असे. स्टोव्ह कमी झाले, तशी ती बातमीही कमी झाली. पण भडका नेहमी सुनेच्याच पदराला का लागत होता, हा प्रश्न विचारायचा राहू नये. लग्नानंतर सात वर्षांच्या आत भाजून मृत्यू झाला आणि त्यापूर्वी हुंड्यासाठी छळ झाला असेल, तर तो हुंडाबळी ठरतो. १९८६ साली कायद्यात आलेली ही तरतूद आता न्याय संहितेच्या कलम ८० मध्ये आहे. किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. शेजारणींनो, भिंतीपलीकडचे भांडण तुम्हाला ऐकू येत असते. वेळीच तोंड उघडा, नंतर साक्ष द्यावी लागण्याची वाट पाहू नका.

झोपडीतून इमारतीत गेलेल्यांनी

पुनर्वसनाच्या इमारतीत गेलो, म्हणजे आगीची भीती संपली असे नाही. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या एका पुनर्वसन इमारतीत तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आग लागली, धूर जिन्याने वर चढला आणि किमान सात माणसे गेली. पार्किंगमध्ये वाहनांबरोबर कापडाचे गठ्ठे साठवले होते. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो, तिथे मालक किंवा सोसायटीने आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैत सादर करायचे असते. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीला हा कागद दाखवायला सांगा. जिन्यात ठेवलेले जुने कपाट, सायकल, गादी आजच उचला.

वस्तीने एकत्र येऊन

७ डिसेंबर २०१५ रोजी, महापरिनिर्वाण दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, कांदिवली पूर्वेच्या दामूनगरात आग लागली. सिलिंडर एकामागून एक फुटले आणि शेकडो झोपड्यांची राख झाली. अशा आगीत भांडी-कपडे जातात, पण त्याहून मोठे नुकसान कागदपत्रांचे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांची मार्कशीट, घराचा पुरावा, यातला एक कागद परत मिळवायला किती हेलपाटे पडतात, हे आपल्याला सांगायला नको. प्रत्येक कागदाची एक प्रत गावाकडे किंवा दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवा.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या विषयाला द्या. बंब आत येईल एवढी वाट मोकळी ठेवण्याचे ठरवा. १०१ आणि ११२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचे. कपड्याने पेट घेतला तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे. भाजले तर वीस मिनिटे गार वाहत्या पाण्याखाली धरायचे, हळद, शाई, टूथपेस्ट काही लावायचे नाही, हे मुलांकडून तोंडपाठ करून घ्या.

आणि घंटागाडीचे काय? माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली वॉर्ड ऑफिसला अर्ज करा. आमच्या वस्तीसाठी गाडीचे वेळापत्रक काय, मागच्या तीन महिन्यांत ती किती दिवस आली, आमच्या सफाई कामगारांना हातमोजे व मास्क कधी दिले, एवढे तीन प्रश्न पुरेत. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ. उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज लिहायला वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवा, आणि खाली पन्नास घरांच्या सह्या घ्या. काडी न लावण्याचा शब्द आपण द्यावा, आणि गाडी पाठवण्याचा शब्द त्यांच्याकडून लेखी घ्यावा.