नवें बिऱ्हाड, जुन्या संवयी

जुन्या नाशकांतील वाडा सोडून गंगापूर रस्त्यावरील फ्लॅटमध्यें राहावयास जाण्याचा प्रसंग आपल्यापैकीं पुष्कळांवर आला असेल. सामान टेंपोंत भरतां येतें. पण मिठाची बरणी कोणत्या फळीवर, दिव्याचें बटण दाराच्या कोणत्या अंगास, चष्मा रात्रीं कोठें ठेवावयाचा, हें जें हाताला ठाऊक असतें तें टेंपोंत चढत नाहीं. पहिले आठ-पंधरा दिवस माणूस अंधारांत भिंत चांचपत असतो. संगणकाची कार्यप्रणाली बदलली म्हणजे असाच अनुभव येतो.

'विंडोज १०' या आवृत्तीची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. त्या दिवाळीच्या तोंडावर, जुन्या यंत्रावरच 'विंडोज ११' बसवावें कीं नवें यंत्र घ्यावें, याचा खल घरोघरीं सुरू झाला. आमच्याकडेहि झाला. चिरंजीवांनीं नवें यंत्र आणलें. एका दुकानाच्या माणसानें माझीं कागदपत्रें त्यांत उतरवून दिलीं आणि जुन्या यंत्राची डिस्क त्याच दिवशीं पुसून टाकली. कागद एकहि गहाळ झाला नव्हता. तरी मला संगणकापुढें बसवेना. मोतीबिंदूमुळें मीं अक्षरें दीडपट करून ठेवलीं होतीं, तीं मुंगीएवढीं झालीं. मराठी कळफलक बदलला. आणि जिव्हारीं लागलेली गोष्ट ही कीं, शुद्धलेखन तपासणाऱ्या कोशांत मीं दहा-बारा वर्षें एकेक करून घातलेले बागलाण-चांदवडकडील बोलीचे शब्द सगळे गेले. कांहीं शब्दांची नोंद तेवढ्या एका जागींच होती, आणि ते सांगणारीं माणसें आतां राहिलीं नाहींत.

असें कां व्हावें, हें मी नंतर मुद्दाम समजून घेतलें. मी या शास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालेला शाळामास्तर. पण विषय वाटतो तितका गहन नाहीं.

विंडोज प्रत्येक वापरणाऱ्यास एक स्वतंत्र खोली देते. एक्सपीच्या काळीं या खोल्या 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नांवाच्या कप्प्यांत असत. २००७ सालच्या व्हिस्टापासून त्या 'यूझर्स' या कप्प्यांत गेल्या. जुनें नांवहि नुसत्या पाटीसारखें ठेवलें आहे, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेलें टपाल नव्या पत्त्यावर पोंचावें. या खोलींत आपले कागद व छायाचित्रें उघड्यावर असतात. त्यांच्याच शेजारीं दोन वस्तु दृष्टीआड ठेवलेल्या असतात: एक 'एनटीयूझर' नांवाची फाईल, जींत वापरणाऱ्याच्या पुष्कळशा आवडीनिवडी नोंदलेल्या असतात, आणि दुसरा 'ॲपडेटा' हा कप्पा, जेथें निरनिराळे प्रोग्रॅम आपापलें सामान ठेवतात. दुकानाच्या माणसानें दिसलें तेवढें उचललें. माझा शब्दकोश म्हणजे त्या लपलेल्या कप्प्यांतली 'कस्टम' नांवाची साध्या मजकुराची एक लहानशी फाईल होती. ती पेनड्राइव्हवर घेण्यास एक क्षणहि लागला नसता.

मग सबंध खोलीच उचलून नव्या यंत्रांत कां ठेवूं नये, असें कोणी विचारील. मींहि विचारलें. उत्तर असें कीं, 'एनटीयूझर' मधील नोंदी त्या यंत्राशीं, त्या आवृत्तीशीं व त्या खातेदाराच्या अंतर्गत क्रमांकाशीं बांधलेल्या असतात. कार्यालयांतून जेथें एकाच माणसाची खोली सर्व्हरवर ठेवून अनेक यंत्रांना पुरवितात, तेथें खुद्द विंडोजच निरनिराळ्या पिढ्यांच्या खोल्या एकत्र येऊं देत नाहीं; व्हिस्टा व विंडोज ७ च्या खोलीच्या नांवापुढें 'व्ही२', तर विंडोज १० च्या २०१६ नंतरच्या आवृत्त्यांच्या नांवापुढें 'व्ही६' अशी खूण लावते. तात्पर्य, मजकूर उचलावा, मांडणी मात्र नव्या जागीं पुन्हां करावी.

मराठी घरांना यांत एक वेगळीच अडचण आहे, आणि तिच्याकडे इंग्रजींत लिहिलेलीं मार्गदर्शक पुस्तकें पाहत नाहींत. मराठी 'दिसणें', मराठी 'उमटणें' आणि मराठी 'असणें' या तीन भिन्न गोष्टी आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वीं येथील छापखान्यांतून व कचेऱ्यांतून जे फाँट वापरीत, त्यांतील लेखांत वास्तविक मराठी अक्षरें नसतच. सांठविलेले असत रोमन अक्षरांचे संकेत, आणि फाँट त्यांवर मराठी रूप चढवीत असे. तो फाँट नव्या यंत्रांत नसला कीं वडिलांचें मृत्युपत्र रोमन अक्षरांचा कचरा होऊन पुढें येतें. लेख बिघडलेला नसतो. फाँट आणून बसवावा, म्हणजे तो वाचतां येतो. मग सवडीनें तो युनिकोडमध्यें उतरवून घ्यावा आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द डोळ्यांखालून घालावे, कारण या 'र' पाशीं रूपांतर हटकून अडखळतें. विंडोज १० पासून फाँट एका खात्यापुरताहि बसवितां येतो. म्हणून सुनेच्या खात्यांत दिसणारें पत्र सासऱ्याच्या खात्यांत दिसेना, तर यंत्रास दोष देऊं नये.

कळफलकाचें तसेंच. इनस्क्रिप्टमध्यें मात्रा डाव्या हाताखालीं व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताखालीं असतात. तेथें ज्या कळीनें 'र' उमटतो, तीच उच्चारानुसारी कळफलकांत 'ज' उमटविते. बोटें वर्षानुवर्षें एका वाटेनें गेलेलीं असल्यानें, दुसरा कळफलक आला कीं माणसास वाटतें आपणच लिहिणें विसरलों. कोणता कळफलक वापरतां, त्याचें नेमकें नांव आजच वहींत लिहून ठेवा.

जुन्याच यंत्रावर नवी आवृत्ति चढवावयाची असेल, तर फाईली व प्रोग्रॅम दोन्ही राखण्याचा पर्याय निवडावा. बहुतेक मांडणी टिकते. जुन्या प्रणालीचें सामान 'विंडोज.ओल्ड' या कप्प्यांत ठेवलेलें असतें. पण तो सुमारें दहा दिवसांनीं आपोआप नाहींसा होतो, हें कोणी सांगत नाहीं. मायक्रोसॉफ्टचें खातें उघडलें असल्यास कांहीं आवडीनिवडी नव्या यंत्रांत आपण होऊन येतात, कांहीं येत नाहींत. तेवढ्यावर विसंबूं नये. लिनक्सवाल्यांचें यांत बरें आहे: त्यांची मांडणी बव्हंशीं घरकप्प्यांतील, नांवाच्या आरंभीं टिंब असलेल्या साध्या फाईलींत असते, आणि तो कप्पा डिस्कच्या वेगळ्या भागांत ठेवला तर बाकीची प्रणाली बदलली तरी त्यास धक्का लागत नाहीं.

नवें यंत्र घेणारांनीं मात्र जुनें निदान महिनाभर पुसूं देऊं नये. मांडणीच्या पडद्यांचीं छायाचित्रें मोबाइलवर काढून ठेवावीं: अक्षरांचा आकार, कळफलक, फाँटांची यादी, प्रिंटर. अर्ध्या तासाचें काम आहे.

माझ्या शब्दांपैकीं निम्म्याहून अधिक जुन्या वह्या चाळून परत मिळाले. उरलेल्यांसाठीं मी पावसाळा संपल्यावर सटाण्यास जाणार आहें.